घरातील स्मोक डिटेक्टरची देखभाल: सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रश्न १२ वगळता सर्व उत्तरे बॅटरीवर चालणाऱ्या आणि स्वतःचा भोंगा असलेल्या घरगुती यंत्रांविषयी आहेत.

१. स्मोक डिटेक्टर धूर ओळखतो तरी कसा? छताला लावलेल्या एवढ्याशा डबीला देखभाल कशासाठी लागते?

घरगुती वापरासाठी आज मिळणारी बहुतेक यंत्रे प्रकाशाच्या तत्त्वावर चालतात. आत काळ्या प्लास्टिकचा एक छोटा कप्पा असतो. त्यात एका बाजूने प्रकाशाचा बारीक झोत सोडलेला असतो आणि प्रकाश टिपणारा घटक अशा कोनात बसवलेला असतो की तो झोत त्याच्यावर थेट पडत नाही. धुराचे कण आत शिरले की त्यांच्यावर आपटून प्रकाश विखुरतो, त्यातला थोडा त्या घटकापर्यंत पोहोचतो आणि भोंगा सुरू होतो. अडचण अशी की कण धुराचा आहे, धुळीचा आहे की सुताचा, हे यंत्राला कळत नाही. धूळ कप्प्यात गेली तर यंत्र विनाकारण वाजते. तीच धूळ बाहेरच्या जाळीवर साचली तर खरा धूर आत शिरतच नाही. पहिल्या बिघाडाची तक्रार सगळे करतात. दुसऱ्याची तक्रार कोणीच करत नाही, कारण तो बिघाड आवाज करत नाही, आणि देखभाल मुख्यतः त्याच्यासाठीच आहे.

२. कोणते काम किती दिवसांनी करायचे?

महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबून भोंगा ऐकावा. दर तीन महिन्यांनी जाळी साफ करावी. यंत्रमागाच्या वस्तीत हे काम दरमहा करावे लागते (प्रश्न ५). बदलता येणारी बॅटरी वर्षातून एकदा, कुरकुर सुरू होण्याची वाट न पाहता बदलावी. संपूर्ण यंत्र दहा वर्षांनी बदलावे (प्रश्न १४). तारखा लक्षात राहत नसतील तर त्या सणावाराला बांधाव्यात. गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, बॅटरी बदलायची असे एकदा ठरवले की वेगळी नोंद ठेवावी लागत नाही.

३. बटण दाबल्यावर भोंगा वाजतो, म्हणजे यंत्र ठीक आहे असे समजावे का? उदबत्तीचा धूर देऊन तपासले तर चालेल का?

बटणाच्या चाचणीतून बॅटरी, भोंगा आणि आतील विद्युत मंडल चालू असल्याची खात्री होते. जाळी बुजलेली आहे की नाही, हे मात्र त्यातून कळत नाही. म्हणून बटण आणि सफाई या दोन्ही गोष्टी लागतात, एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही. उदबत्ती, कागद किंवा कापूर पेटवून यंत्राखाली धरण्याची पद्धत सोडून द्यावी. उदबत्तीच्या धुरातील तेलकट अंश कप्प्यात चिकटून बसतो आणि ज्योत जवळ गेली तर प्लास्टिक वितळते. धुरानेच तपासायचे असेल तर त्यासाठी तयार केलेला चाचणीचा स्प्रे मिळतो. तो माहितीपत्रकात सांगितलेल्या अंतरावरून वापरावा.

४. यंत्र दर मिनिटाला एकदाच ‘पीक’ करते आणि तेही पहाटेच. दिवसा तपासायला गेले तर गप्प. असे का?

साधारण ३० ते ६० सेकंदांच्या अंतराने येणारा एकच तुटक आवाज म्हणजे बॅटरी उतरल्याची सूचना. आगीचा भोंगा असा नसतो. तो सलग किंवा ठराविक लयीत मोठ्याने वाजत राहतो. रात्री हवा गार झाली की उतरलेल्या बॅटरीची वीज पुरवण्याची क्षमता आणखी घटते आणि यंत्राने ठरवलेली खालची मर्यादा नेमकी त्या वेळी ओलांडली जाते. दुपारी हवा तापली की बॅटरी तात्पुरती सावरते आणि यंत्र गप्प बसते. म्हणून दिवसाच्या शांततेवर विश्वास ठेवू नये.

नवी बॅटरी माहितीपत्रकात सांगितलेल्या प्रकारचीच घ्यावी. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागत असेल तर अल्कलाइन आहे का, हे दुकानात विचारून घ्यावे, कारण त्याच आकाराची स्वस्त कार्बन-झिंक बॅटरी शेजारीच ठेवलेली असते आणि ती फार काळ टिकत नाही. रिचार्जेबल बॅटरीही येथे वापरू नये. ती पडून असतानाही हळूहळू उतरत जाते. बॅटरी बदलूनही तुटक आवाज थांबत नसेल तर बॅटरी काढून चाचणीचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, आणि मग बॅटरी परत बसवावी. त्यानंतरही आवाज आला तर यंत्रामागची तारीख पाहावी (प्रश्न १४).

रात्री तीन वाजता टेबलावर खुर्ची ठेवून, बॅटरी काढून, ‘सकाळी बघू’ म्हणत झोपणारी मंडळी बरीच आहेत. ती सकाळ पुष्कळदा येत नाही आणि छताला रिकामी डबी राहते. बॅटरी काढलीच तर यंत्र खाली उतरवून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवावे. नजरेसमोर राहिले की काम होते.

५. आमच्या घराला लागूनच यंत्रमाग आहेत. सुताच्या तंतूंमुळे यंत्र सारखे वाजते. सफाई नेमकी कशी करावी?

पूर्व भागातील घरांतून हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि तक्रार रास्त आहे. मागावरून उडणारे तंतू साध्या धुळीपेक्षा लांब असतात. ते जाळीच्या फटींत आडवे अडकतात, त्यांच्यावर पुढचे तंतू बसतात आणि काही आठवड्यांत जाळीवर पांढुरका, नमद्यासारखा थर तयार होतो. छतावरचे जळमट काढताना तोच झाडू यंत्रावरून फिरवला तर हा थर निघत नाही, उलट आत दाबला जातो.

सफाईसाठी व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रशचे तोंड लावून जाळीभोवती सावकाश फिरवावे. व्हॅक्यूम नसेल तर यंत्र छतावरच्या पट्टीतून फिरवून उतरवावे, अंगणात न्यावे, जाळी खाली करून धरावे आणि रंगकामाचा कोरा, मऊ ब्रश आतून बाहेरच्या दिशेने फिरवावा. तोंडाने फुंकू नये, कारण वाफ आणि थुंकीचे कण आत जातात. कारखान्यातील कॉम्प्रेसरचा पाइप तर मुळीच लावू नये. त्या दाबाने तंतू थेट प्रकाशाच्या कप्प्यात जाऊन बसतात आणि नळीतील ओलावा व तेलही सोबत जाते. ओले फडके, साबण, फिनेल, कीटकनाशकाचा फवारा यांपैकी काहीही यंत्रावर वापरायचे नाही. बाहेरचे कवच किंचित ओलसर फडक्याने पुसले तर चालते, मात्र जाळीच्या फटी टाळाव्यात. सफाईनंतर बॅटरी नीट बसली आहे का ते पाहून बटण दाबावे.

घरात विड्या वळण्याचे काम चालत असेल तर तंबाखूच्या भुकटीबाबतही हीच काळजी घ्यावी. कामाची जागा आणि यंत्र शक्यतो वेगळ्या खोलीत असावे. मुंग्या, कोळी किंवा झुरळांची पिल्ले कप्प्यात शिरल्यामुळेही यंत्र वाजते. उपाय तोच, ब्रश आणि व्हॅक्यूम.

६. शेंगा भाजल्या, फोडणी दिली की भोंगा सुरू. रोज काढून ठेवण्यापेक्षा कायमचा बंद केला तर?

बंद करू नये, जागा बदलावी. तापलेल्या तेलाचे सूक्ष्म थेंब, मिरचीचा ठसका, कडक भाकरी तव्यावरून विस्तवावर टाकल्यावर करपणारे पीठ, हे सगळे यंत्राच्या लेखी धूरच आहे आणि ते त्याचे काम चोख करत असते. शेगडीपासून किमान तीन मीटर अंतर ठेवावे आणि यंत्र स्वयंपाकघराऐवजी त्याच्या दाराबाहेरच्या बोळात किंवा झोपण्याच्या खोलीकडे जाणाऱ्या वाटेवर लावावे. न्हाणीघराच्या दारापासूनही सुमारे एक मीटर दूर असावे, कारण गरम पाण्याची वाफ तसाच घोळ करते. काही यंत्रांना तात्पुरता आवाज थांबवण्याचे बटण असते. ते दाबल्यावर यंत्र काही मिनिटे गप्प राहून आपोआप पूर्ववत होते. नवे घेताना हे बटण असलेलेच घ्यावे, असा आमचा आग्रह आहे, कारण बॅटरी काढण्याचा मोह त्यामुळे टळतो.

घर लहान असल्यामुळे तीन मीटर अंतर मिळतच नसेल तर स्वयंपाकाच्या भागासाठी उष्णतेवर चालणारे यंत्र घ्यावे. ते धुराला प्रतिसाद देत नाही, हवा साधारण ५७-५८ अंश सेल्सिअसला पोहोचली की वाजते. त्यामुळे ते धुराच्या यंत्राला पूरक आहे, पर्याय नव्हे. झोपण्याच्या जागेजवळ धुराचेच यंत्र हवे. चुलीवर स्वयंपाक होत असेल तेथेही हीच विभागणी करावी.

७. उन्हाळ्यात कूलर आणि पंखा दिवसरात्र चालू असतो. त्याचा काही परिणाम होतो का?

होतो. धूर छताकडे चढून यंत्रापर्यंत पोहोचायला हवा. वाटेत हवेचा जोरदार झोत असेल तर तो भलतीकडे ढकलला जातो. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून यंत्र किमान ९० सेंटिमीटर दूर असावे. कूलरचा झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नये. फाल्गुन-चैत्रात कूलर वर्षभराच्या विश्रांतीनंतर प्रथम सुरू करताना त्याच्या जाळीतील जुने गवत आधी बदलावे, कारण पहिल्याच दिवशी त्यातली सगळी धूळ खोलीत येते आणि यंत्र वाजते. कूलरच्या आवाजात भोंगा ऐकू न येण्याचा मुद्दा वेगळा आहे. तो प्रश्न ११ मध्ये घेतला आहे.

८. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा गच्चीखालच्या खोलीत यंत्र टिकेल का?

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर राहतो आणि छताला लागून असलेली हवा खोलीपेक्षाही गरम असते. घरगुती यंत्रांच्या माहितीपत्रकावर वापरासाठीची तापमानाची कमाल मर्यादा छापलेली असते. काहींची ती ३८ किंवा ४० अंशच असते. अशी यंत्रे आपल्याकडे सरळ नाकारावीत आणि ५० अंश किंवा त्याहून अधिक मर्यादा असलेली निवडावीत. उष्णतेमुळे बॅटरीही लवकर उतरते, म्हणून वरच्या मजल्यावरील यंत्राचे बटण उन्हाळा संपल्यावर आवर्जून दाबून पाहावे.

पत्र्याच्या घरात आणखी एक अडचण आहे. तापलेल्या पत्र्याखाली गरम हवेचा थर अडून राहतो आणि सुरुवातीचा मंद, फारसा गरम नसलेला धूर त्या थराच्या खालीच पसरतो. यंत्र अगदी पत्र्याला लावले तर धूर त्याच्यापर्यंत उशिरा पोहोचतो. अशा ठिकाणी ते भिंतीवर, पत्र्यापासून साधारण ३० सेंटिमीटर खाली लावावे. (स्लॅबच्या घरात यंत्र छताच्या मध्याजवळ लावणे उत्तम, भिंतीवर लावायचेच असेल तर छतापासून १० ते ३० सेंटिमीटर खाली लावावे.) प्रश्न ६ मधील उष्णतेवर चालणारे यंत्र पत्र्याखाली लावू नये, भर दुपारी काही पेटलेले नसतानाही ते वाजू शकते.

९. आमचे जुने माळवदाचे घर आहे. वरून माती गळते. यंत्र कोठे लावावे?

लाकडी तुळईच्या खालच्या अंगाला लावावे. तुळयांच्या मधल्या खोबणीत लावले तर माती सरळ यंत्रावर पडत राहते आणि धूर त्या खोबणीत शिरेपर्यंत वेळही जातो. उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्याजवळ लावू नये, कारण धूर तेथून बाहेर निघून जातो. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकून धुम्मस करताना, म्हणजे ती ठोकून बसवताना, यंत्र उतरवून पिशवीत ठेवावे आणि काम संपल्यावर त्याच संध्याकाळी परत लावावे. सफाई मात्र दरमहा, प्रश्न ५ प्रमाणे.

१०. खाली कारखाना, वर घर अशी आमची रचना आहे. एक यंत्र पुरेल का?

नाही. १८ मे २०२५ रोजी पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागून मालक, त्यांच्या कुटुंबातील माणसे आणि कामगार अशा ८ जणांचा मृत्यू झाला. कुटुंब कारखान्याच्या आवारातच राहत होते. कामाची आणि झोपण्याची जागा एकाच छपराखाली असेल तर वरच्या मजल्यावरचे यंत्र वाजेपर्यंत जिना धुराने भरलेला असू शकतो, कारण धूर जिन्यातूनच वर येतो.

अशा घरात एकमेकांशी बिनतारी जोडलेली यंत्रे घ्यावीत, म्हणजे खालचे वाजले की वरचेही त्याच क्षणी वाजते. एक यंत्र जिन्याच्या माथ्यावर, एक झोपण्याच्या प्रत्येक खोलीत आणि एक खालच्या भागात, अशी मांडणी असावी. मागांच्या खोलीत धुराचे यंत्र तंतूंमुळे टिकत नाही, तेथे जोडणीची सोय असलेले उष्णतेचे यंत्र लावावे (छत पत्र्याचे नसेल तर, प्रश्न ८ पाहावा) आणि धुराचे यंत्र तयार मालाच्या किंवा सुताच्या गोदामाच्या दाराशी ठेवावे. सुताच्या गाठी आणि टॉवेलचे गठ्ठे बराच वेळ ज्वाळेविना धुमसत राहतात. अशी धुमसणारी आग प्रकाशाच्या तत्त्वावरील यंत्र लवकर ओळखते, म्हणून येथे तोच प्रकार घ्यावा.

महिन्याची चाचणी घेताना केवळ बटण दाबून थांबू नये. खालचे बटण दाबावे आणि वरच्या खोलीत, दार बंद करून, आवाज येतो का ते कोणीतरी ऐकावे. त्याच वेळी खाली न उतरता बाहेर पडण्याची दुसरी वाट मोकळी आहे का, तिच्यावर कुलूप किंवा मालाचे गठ्ठे आहेत का, तेही पाहावे. दुसरी वाटच नसेल तर भोंगा ऐकून माणूस जाणार कोठे, हा प्रश्न यंत्र विकत घेण्याआधी सोडवायचा आहे.

११. आजोबांना कमी ऐकू येते आणि मुले गाढ झोपतात. भोंग्याने जाग येईल का?

घरगुती यंत्राचा आवाज तीन मीटर अंतरावर साधारण ८५ डेसिबल असतो. बंद दार, कूलरची घरघर किंवा शेजारचे माग यांमुळे तो बराच दबतो. शिवाय नेहमीच्या भोंग्याचा स्वर उंच असतो आणि वाढत्या वयात उंच स्वर ऐकण्याची शक्तीच आधी कमी होते. ५२० हर्ट्‌झच्या खालच्या स्वरात वाजणारी यंत्रे आणि उशीखाली ठेवायची कंप पावणारी चकती अशा गृहस्थांसाठी उपयोगी ठरते. ती मिळाली नाही तर आजोबांच्या खोलीतच एक जोडलेले यंत्र लावावे. मुलांना कोणी उठवायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. भोंग्याने ती आपोआप उठतील असे गृहीत धरू नये.

१२. आमच्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटमध्ये डिटेक्टर आहे, पण त्याला बटणही नाही आणि बॅटरीही नाही. तो आम्ही साफ करावा का?

तो तुमच्या फ्लॅटपुरता नाही. त्याची तार तळमजल्यावरील पॅनेलला जाते आणि भोंगा इमारतीचा असतो. तो उतरवला की पॅनेलवर बिघाड दिसतो, म्हणून स्वतः हात लावू नये; सोसायटीच्या सचिवांना लेखी कळवावे. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ लागू असलेल्या इमारतीत ही यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारांवर आहे आणि परवानाधारक संस्थेकडून ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावे लागते. त्या तपासणीसाठी माणूस येतो तेव्हा ‘घरी कोणी नाही’ असे सांगून त्याला परत पाठवू नये. पीओपीचे छत करताना डिटेक्टर आत झाकून टाकण्याची चूक नव्या फ्लॅटमध्ये बरीच दिसते. तसे झाले असेल तर तो नव्या छताखाली आणून घ्यावा. इमारतीची यंत्रणा असली तरी झोपण्याच्या खोलीबाहेर स्वतःचे बॅटरीचे यंत्र लावायला हरकत नाही.

१३. दिवाळीपूर्वीचे रंगकाम, घरातला होम, ऊद, महापालिकेची धूर फवारणी, अशा वेळी यंत्र झाकले तर चालेल का?

चालेल, पण झाकण्याची आणि उघडण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी. प्लास्टिकची पिशवी लावून तिच्यावर ठळक रंगाची चिकटपट्टी मारावी, म्हणजे ती विसरली जात नाही. रंगकामाच्या वेळी यंत्र उतरवणेच बरे, कारण जाळीवर एकदा रंग बसला की ते निकामी होते. रंगवलेले यंत्र साफ करत बसू नये, बदलावे. डासांसाठीच्या फवारणीचा धूर तेलकट असतो, म्हणून गल्लीत गाडीचा आवाज येताच खिडक्या लावून घ्याव्यात. घरात वास्तुशांतीचा होम असेल तर तेवढ्या खोलीतील यंत्र झाकावे, बाकीची चालू ठेवावीत. अग्नी घरात असतानाच त्यांची गरज अधिक. पाहुणे गेल्यावर, रात्री झोपण्यापूर्वी, पिशवी काढून बटण दाबावे.

१४. दहा वर्षे कोठून मोजायची? आणि जुने यंत्र भंगारात द्यावे का?

यंत्रामागे छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून मोजावीत, खरेदीच्या दिवसापासून नव्हे. दुकानात दोन वर्षे पडून असलेले यंत्र घेतले तर आठच वर्षे उरतात, म्हणून घेतानाच डबी उलटी करून तारीख पाहावी. दहा वर्षे चालणारी लिथियम बॅटरी बंदिस्त असलेल्या यंत्रात बॅटरी आणि यंत्र एकाच वेळी बदलायचे असते. ते फोडून बॅटरी काढू नये.

जुन्या यंत्राच्या मागे किरणोत्सर्गाचे चिन्ह किंवा अमेरिसियम-२४१ असा उल्लेख असेल तर त्यात त्या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश असतो. छताला लावलेले, न उघडलेले असे यंत्र घरच्यांना अपायकारक नाही. ते फोडणे, जाळणे किंवा भंगारवाल्याला देणे मात्र टाळावे आणि विक्रेत्याकडे किंवा उत्पादकाकडे परत द्यावे. प्रकाशाच्या तत्त्वावरचे यंत्र ई-कचऱ्यात द्यावे.

१५. हेच यंत्र गॅस गळतीही सांगेल ना?

सांगणार नाही. एलपीजी हा वायू आहे, त्यात धुराचे कण नसतात. शिवाय तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो आणि यंत्र छताला असते. त्यासाठी वेगळे यंत्र मिळते, ते शेगडीच्या खोलीत जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंचीवर लावतात. वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. आगीसाठी अग्निशमन दलाचा १०१ किंवा आपत्कालीन ११२ हा क्रमांक आहे; तोही घराबाहेर पडल्यावरच लावावा.